राणीचा पाय: मे ते फेब्रुवारी

मे संपत आला होता. दस्तुरीहून, म्हणजे माथेरानला गाड्या थांबतात त्या नाक्यावरून, वर येताना उतारावर माझ्या घोडीचा, राणीचा, पुढचा उजवा पाय सरकला आणि घरी येईतो ती लंगडायला लागली. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागे, हाड आणि शिरांच्या (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये जे लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा असतो, ते दुखावलं होतं. माथेरानला घोडा धरणाऱ्यांसाठी मी काय केलं ते लिहितो.

आधी दुखरी जागा शोधा. पाय उचलून दुमडून धरा आणि अंगठा-बोटाच्या चिमटीने नळीची मागची बाजू वरून खाली दाबत या. मग दुसरा पायही तसाच दाबून बघा. जिथे जनावर पाय ओढून घेतं, तीच जागा. हाताची मागची बाजू टेकवली की गरमपणा कळतो.

पहिले तीन दिवस थंड पाणी, दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. आमच्याकडे नळी-पाइप कुठला? गोणपाट गुंडाळून बादलीने धार सोडायचो. मधल्या वेळात जाड कापूस आणि त्यावर पट्टी. कापसाशिवाय पट्टी आवळली तर ती स्वतःच शिरा दुखावते. पट्टी रोज दोनदा सोडून नव्याने बांधा आणि चांगल्या पायालाही बांधा, कारण सगळा भार त्याच्यावर येतो.

दुखण्याचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. डायक्लोफिनॅकची सुई तर नकोच. गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी तिच्यावर बंदी आहे. आणि कोणी डाग द्यायला सांगितला तर हात जोडा. भाजल्याने लिगामेंट सांधत नाही, जनावराचे फक्त हाल होतात.

सोनोग्राफी करून घ्या, खर्च झाला तरी. किती फाटलंय हे बोटांना कळत नाही.

तबेल्यात पिछाडी, म्हणजे मागचे पाय बांधायचा दोर, सोडून टाका, झटक्याने पाय ओढला जातो. चंदी, म्हणजे दाणा, निम्म्यावर आणा. कामाविना हरभरा खाऊन घोडा उड्या मारतो, पोटही धरतं. गवत आणि पाणी भरपूर ठेवा. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. खुराचा पुढचा भाग वाढला की मागच्या लिगामेंटवर ताण येतो.

डॉक्टर हो म्हणाले तेव्हा चालवणं सुरू केलं. मोरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून, सपाट आणि कडक जमिनीवर, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत गेलो. पावसाळा निघून गेला.

दिवाळी आली आणि इथेच खरी परीक्षा होती. राणी लंगडत नव्हती, सूज नव्हती, दाराशी उभी राहून खिंकाळत होती. गिऱ्हाईक भरपूर, घरात पैसा नाही. शेजारचे म्हणाले, "अरे, झाली की बरी, लाव की खोगीर!" पण दुसऱ्या सोनोग्राफीत मधला भाग अजून काळा दिसत होता, म्हणजे तिथले धागे भरले नव्हते. पाय दुखत नाही याचा अर्थ पाय भरला असा होत नाही. अशा वेळी काम घेतलं तर तेच लिगामेंट पुन्हा फाटतं, आणि दुसऱ्यांदा फाटलेलं क्वचितच पहिल्यासारखं होतं. माझ्या वडिलांच्या घोडीचं तेच झालं होतं. मी तेव्हा लहान होतो, पण ती विकून टाकली तो दिवस आठवतो.

डिसेंबरात तिसऱ्या सोनोग्राफीनंतर दुडकी चाल, तीही दोन-दोन मिनिटं. फेब्रुवारीत खोगीर घातलं. पाठीवर दहा वर्षांचं हलकं पोर, शार्लोट तलावापर्यंत चालतच नेलं आणि चालतच आणलं. परत आल्यावर पाणी न देता आधी नळी चाचपली. थंड होती.