डिजिटल वर्गाची तयारी: शाळा उघडण्यापूर्वी

गोव्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत प्रोजेक्टर किंवा टॅब आणायचे ठरले असेल, तर तयारीचा आरंभ पाठ्यपुस्तकापासून करावा. खरेदीचा विचार त्यानंतर. पृथ्वीचे परिभ्रमण, हृदयाचे कार्य किंवा अपूर्णांकांची तुलना असे जे घटक फळ्यावर पुरेसे उलगडत नाहीत, तेवढेच सहामाहीच्या नियोजनात वेगळे नोंदवावेत. उरलेले पाठ खडूनेच शिकवावेत. त्यात कमीपणा नाही.

निवडलेला प्रत्येक व्हिडिओ शिक्षकाने आधी शेवटपर्यंत पाहावा. 2017 साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचावर मराठी साहित्य पुष्कळ आहे, मात्र त्यातील बरेचसे महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमाला धरून असल्याने परिसर अभ्यासात गोव्यातील खाजन शेती (खाडीकाठच्या सखल जमिनीवरील शेती), तिचे बांध आणि खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस सहसा भेटत नाही. अशा घटकांची छायाचित्रे शिक्षकाने जवळच्या खाजनात जाऊन स्वतःच काढलेली बरी. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांना व्हिडिओतील जे शब्द अडतील, तेही आधीच फळ्यावर लिहून ठेवावेत.

विजेची तयारी मे महिन्यातच उरकावी, कारण प्राथमिक शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा पाऊस आणि खंडित वीजपुरवठा दोन्ही दाराशी असतात. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि वर्गातील विजेच्या मागणीचा हिशेब मांडावा: प्रोजेक्टर व संगणक मिळून सुमारे 400 वॉट घेत असतील, तर 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी प्रत्यक्षात साधारण तीन तास पुरते, तर संगणकाचा छोटा यूपीएस केवळ यंत्र नीट बंद करण्यापुरता. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. म्हणून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि चतुर्थीच्या सुट्टीतही अधूनमधून थोडा वेळ चालवावे.

सत्तरी किंवा सांग्याच्या डोंगराळ वाड्यांवर रेंजच्या भरवशावर तास आखू नये. लागणारे साहित्य गावाबाहेर, जिथे जाळे चांगले असेल तिथे, आधी उतरवून पेनड्राइव्हवरही ठेवावे.

एकशिक्षकी शाळेत, म्हणजे जिथे एकच शिक्षक एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळतो, तिथे हे साधन सर्वाधिक उपयोगी पडते आणि सर्वाधिक फसतेही. तिसरीची मुले पडद्याकडे पाहत असताना पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला द्यावीत, असे कागदावर ठरते; प्रत्यक्षात सगळा वर्ग पडद्याकडेच पाहतो. त्यामुळे टॅब असतील तर ते हेडफोनसह कोपऱ्यात द्यावेत आणि प्रत्येक व्हिडिओनंतर वहीत उतरवायचे दोन प्रश्न तयार ठेवावेत.

मुलांची नावे किंवा छायाचित्रे मागणारे ॲप वापरायचे झाल्यास पालकांची संमती आधी घ्यावी, कारण 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. 'दीक्षा'वरील बरेच साहित्य लॉगिनशिवाय पाहता येते, तेव्हा शक्य तिथे तोच मार्ग धरावा. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत हा विषय मांडावा आणि ही साधने ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हेही तिथेच ठरवावे.