तळ्याकाठची ट्रायथलॉन: अंतर पाठ, मार्ग कोरा? या चुका टाळा

१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. हाफ ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्याला हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पण पाण्यातून बाहेर आल्यावर तुमची सायकल कितव्या रांगेत आहे, पहिला चढ कधी लागतो, दुसऱ्या बोयाकडे (मार्ग दाखवण्यासाठी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या फुग्याकडे) जाताना ऊन कुठल्या डोळ्यावर येतं, असं विचारलं की बहुतेकजण गप्प होतात. कोल्हापूरला राजाराम तलावावर आणि शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात ट्रायथलॉन होते. त्या निमित्ताने बाहेरगावचे बरेच स्पर्धक भेटतात. सहा-सहा महिने घाम गाळून आलेली ही माणसं मार्ग न बघितल्यामुळे अर्धा तास घालवतात, काहीजण तर स्पर्धाच सोडतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे.

काठावरून बघितलं म्हणजे बघून झालं

आदल्या दिवशी लोक बिब (अंगावर लावायचा स्पर्धकाचा नंबर) घेतात, तलावासमोर फोटो काढतात आणि हॉटेलवर जातात. काठावरून सगळे बोये एका नजरेत दिसतात, अगदी हाताच्या अंतरावर. पाण्यात मात्र तुमचे डोळे पृष्ठभागापासून जेमतेम चार बोटं वर असतात. तीनशे मीटरवरचा भलामोठा केशरी बोया तिथून नारळाएवढा दिसतो, आणि पुढे शंभर टोप्या पाणी उडवत असतील तर तोही नाही.

मी पहिल्यांदा सरावाला उतरलो तेव्हा धुणं घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले होते, "पावणं, कट्ट्यावरनं बघून काय कळत न्हाई. पाण्यात डोस्कं घाला आन् मग बघा." आणि जाताजाता, "धा वाजल्यावर वारं सुटतंय, तवा पानी हलतंय." ट्रायथलॉन हा शब्द त्यांनी ऐकला नसेल, पण मार्गाची पाहणी कशी करायची ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

त्यामुळे आयोजकांनी सरावाची वेळ ठेवली असेल तर ती सोडू नका, आणि शक्यतो स्पर्धेच्याच वेळेला उतरा. प्रत्येक वळणाच्या बोयामागे काठावर काहीतरी उंच शोधा: पाण्याची टाकी, विजेचा टॉवर, एकटं उभं झाड. बोया दिसला नाही तरी टाकी दिसते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या टप्प्यावर तो थेट डोळ्यांत येतो. गडद काचेचा गॉगल आणि साधा गॉगल, दोन्ही सोबत ठेवा. पाण्यावर धुकं असलं तर गडद काच आंधळं करते.

तिरकं पोहणं

जलतरण तलावात तळाला काळी पट्टी असते. तळ्यात खाली हिरवट अंधार, आपला हातही नीट दिसत नाही. एकाच बाजूला श्वास घेणारा माणूस नकळत वळत जातो. फक्त दहा अंश वाकडं गेलात तर चारशे मीटरमध्ये तुम्ही सरळ रेषेपासून जवळजवळ सत्तर मीटर बाजूला पोचता. १.९ किलोमीटरच्या स्पर्धेत अंतर मोजणाऱ्या घड्याळात २.२ किलोमीटर दिसतात ते यामुळे. लोक बोया चुकीच्या जागी लावल्याची तक्रार करतात, पण बहुतेक वेळा चूक आपल्या मानेची असते.

उपाय सरावाचा आहे. दर आठ-दहा हातांनंतर फक्त डोळे पाण्यावर काढायचे, मगर काढते तसे, आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. अख्खं डोकं वर काढलंत की कंबर आणि पाय खाली जातात, आणि पुन्हा वेग धरायला दम खर्च होतो. पुढच्या माणसाच्या पायांच्या बुडबुड्यांमागे जायला हरकत नाही, पण तो सरळ चाललाय का हे अधूनमधून स्वतः तपासा. मालवणच्या चिवला बीचवर किंवा गोव्यात समुद्रात पोहून आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं आणि अंगाला उचलून धरतं. तळ्यात ती मदत नाही.

सुरुवातीलाच जोर

याबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. ट्रायथलॉनमधले बहुतांश मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झाल्याचं अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. थंड पाणी, गर्दी, कुणाचा तरी पाय तोंडावर, आणि छातीत धडधड. श्वास अडकला तर उताणे व्हा, चार दीर्घ श्वास घ्या, हात वर करा. बचावपथकाच्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून विश्रांती घेतल्याने सहसा बाद करत नाहीत, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हा नियम आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये, म्हणजे आयोजक नियम समजावून सांगतात तेव्हा, विचारून घ्या. पोहण्याचा वेग बेताचा असेल तर पहिल्या रांगेत उभे राहू नका, बाजूला राहा आणि गर्दी जाऊ द्या. आयर्नमॅन ७०.३ या हाफ अंतराच्या स्पर्धेत पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं असतात. अर्ध्या मिनिटाने उशिरा सुरुवात केलीत म्हणून काही बिघडत नाही. आणि छातीत दुखतंय, हात जड झालाय असं वाटलं तर तिथेच थांबा.

सायकल सापडत नाही

पाण्यातून उभं राहिलं की डोकं हलकं होतं, कारण इतका वेळ अंग आडवं होतं. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जरा जास्त मारा, म्हणजे रक्त पायांकडे येतं. काठाला शेवाळ आणि गाळ असतो, तिथे पळू नका.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या आणि नंतर ती ठेवून धावायला निघायच्या जागी, शेकडो सायकली एकसारख्या दिसतात. शेजारच्याची लाल पिशवी ही खूण धरू नका, तो तुमच्या आधी निघून गेलेला असेल. आदल्या संध्याकाळी तलावाकडच्या दारातून आत या, रांगा मोजा, सायकलपर्यंत चाला, तिथून सायकल बाहेर न्यायच्या दारापर्यंत चाला. मग परतीच्या दारातूनही तेच करा. दोनदा चालायला दहा मिनिटं लागतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि रेषा ओलांडल्याशिवाय चढायचं नाही. या दोन नियमांवर दंड होतो, आणि तो अगदी योग्य आहे.

तळं खोलगट भागात असतं, हे विसरणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पाणी साठतं ते आजूबाजूच्या सखल जागी. म्हणजे तळ्यापासून निघणारा रस्ता बहुधा चढतो, आणि परतीचा उतरतो. पोहून आलेलं हृदय आधीच जोरात चाललेलं, मांड्या गार, आणि पहिल्याच पाचशे मीटरला चढ. रात्री सायकल रॅकला लावताना ती जड गिअरमध्येच राहिली असेल तर चढावर पेडल मारताना झोकांड्या जातात, चेन उडते, पोटरीत गोळा येतो. सायकल हलक्या गिअरवर ठेवून रॅकला लावा. पहिली दहा मिनिटं तुम्हाला मागे टाकून जाणाऱ्यांकडे बघू नका. जेल (ताकदीसाठी पुडीतून खायचं गोड घट्ट मिश्रण) वगैरे खाण्याची घाईही नको, पोटात आधीच तळ्याचं पाणी गेलेलं असतं. श्वास बसला की मग खा.

धावण्याच्या मार्गालाही हेच लागू आहे. सायकलवर चढ जाणवतो, पण नव्वद किलोमीटरनंतर पायी तो दुप्पट वाटतो. नकाशावरची रेषा सपाट असते, म्हणून एकदा दुचाकीवरून तरी फिरून या आणि चढ कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते बघा.

रस्ता आपल्या गावासारखा असेल असं समजणं

कोल्हापूर-सांगली भागात ऊस गळिताचा हंगाम आणि ट्रायथलॉनचा मोसम एकच. भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उसाची कांडी रस्त्यावर पडते. पुढच्या चाकाखाली आडवी कांडी आली तर हँडल हातातून सुटतं. उतारावर, वळणावर हात ब्रेकवर हवेत, एरोबारवर (वाकून कोपर टेकवायच्या पुढच्या दांड्यांवर) नकोत. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक तार असते. ती ट्यूबमध्ये शिरते आणि दिसत नाही. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून तार शोधा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. मी सरावात एकदा याच तारेमुळे लागोपाठ दोन ट्यूब घालवल्या. तेव्हापासून खिशात छोटा चिमटा असतो.

आयर्नमॅन पद्धतीच्या स्पर्धांत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणजे साधारण सहा सायकली. वळसा घेण्याच्या जागी गर्दी होते, तिथे नकळत जवळ जाणं सोपं आहे. मार्शल, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणारा माणूस, दिसल्यावर मागे सरकण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचा अंदाज जाताना नाही, येताना लागतो. सकाळी जाताना पाठीवर असलेलं वारं जाणवत नाही, माणूस खूश होऊन पाय मारतो, आणि परतीला तेच वारं तोंडावर असतं. आजोबांचं दहाचं गणित इथेही चालतं.

धावणं सकाळचं नसतं

सराव पहाटे पाचला, गारव्यात. स्पर्धेत मात्र पाण्याला एक तास, सायकलला साडेतीन तास धरले तर सातला निघालेला माणूस साडेअकराला धावायला लागतो. बांधावर, विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर त्या वेळी सावली शोधून सापडत नाही. महिन्यातून दोन रविवार सायकलनंतर लगेच भर उन्हात तीन-चार किलोमीटर धावा, टोपी घालून, मीठ-साखरेचं पाणी घेत. नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठ कमी पडून चक्कर येते.

आणि फेऱ्या मोजा. चार फेऱ्यांच्या मार्गावर तिसरी की चौथी, हे थकलेल्या डोक्याला आठवत नाही, वॉलंटियरलाही तुमची फेरी माहीत नसते. उजव्या मनगटात चार रबर बँड घाला आणि प्रत्येक फेरीला एक डाव्या हातात सरकवा.