संख्याशास्त्राच्या पीएचडीसाठी परदेशात अर्ज करताना या चुका टाळा

अमेरिकेतील बहुतेक संख्याशास्त्र विभागांची अर्जाची मुदत डिसेंबरात संपते, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत सोलापूरच्या विद्यार्थ्यासमोर दिवाळीची सुट्टी व सत्र परीक्षा दोन्ही येतात. म्हणून गुणपत्रिका आणि ट्रान्स्क्रिप्टची (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत एकत्रित उताऱ्याची) कामे ऑगस्टमध्येच परीक्षा विभागाकडे द्यावीत.

सर्वांत महाग पडणारी चूक शिफारसपत्रांत होते. साधारणपणे तीन पत्रे लागतात, आणि ‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो’ असे सर सहज म्हणून जातात. विद्यार्थी मग तिन्ही पत्रे एकाच साच्यात लिहितो. निवड समितीला ती साम्ये ओळखायला वेळ लागत नाही, शिवाय हा प्रकार अप्रामाणिक आहे तो आहेच. त्याऐवजी सरांना आपली गुणपत्रिका, प्रकल्पाचा अहवाल आणि त्यांच्याच विषयातील आपल्या कामाची दोन पानांची टिपणे द्यावीत, म्हणजे वर्गात आपला क्रम कितवा होता, कोणती सिद्धता आपण स्वतः पूर्ण केली, अशा गोष्टी त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहिता येतील. ‘मेहनती व नम्र’ या विशेषणांनी समितीला काहीच कळत नाही. विभागप्रमुखांची सही वजनदार वाटते, पण ज्यांनी आपल्याला अनुमानशास्त्र (नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचा विषय) शिकवले त्या प्राध्यापकांचे पत्र अधिक उपयोगी पडते.

पत्र अपलोड करण्याची लिंक विद्यापीठाच्या अर्ज पोर्टलवरून थेट सरांच्या ईमेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून राहते. मुदतीच्या दोन आठवडे आधी पोर्टलवरील स्थिती पाहावी, लिंक पुन्हा पाठवावी आणि सरांना समक्ष भेटून आठवण करावी. शक्य असल्यास त्यांनी महाविद्यालयाचा ईमेल पत्ता वापरावा. हे पत्र नंतर स्वतः पाहण्याचा हक्क अर्जात सोडावा, कारण तसे न केल्यास पत्राचे वजन घटते.

दुसरी चूक गणिताच्या पायाबद्दलची आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मापन सिद्धांतावर (मेजर थिअरीवर) आधारलेली संभाव्यता शिकवली जात असल्याने समिती वास्तव विश्लेषण (रिअल अ‍ॅनालिसिस) आणि रेषीय बीजगणित यांतील गुण आधी पाहते. पायथॉन आणि मशीन लर्निंगच्या प्रमाणपत्रांची रांग लावून ही उणीव भरून निघत नाही. गुणपत्रिकेवर केवळ पेपरचे नाव असते, त्यामुळे जिथे विषयांची यादी मागितली जाते तिथे शिकलेले घटक व पाठ्यपुस्तक लिहावे.

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा आता अनेक विभागांत ऐच्छिक आहे, तरी प्रत्येक विभागाचा नियम स्वतंत्रपणे वाचावा. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य धरतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, परीक्षेची नोंदणी मात्र पारपत्राप्रमाणेच करावी; नावांत फरक असल्यास शपथपत्र आधीच करून ठेवावे.

उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) लहानपणापासूनच्या गणितप्रेमाला जागा देऊ नये. कोणत्या प्रश्नावर काम केले, कुठे अडलो आणि त्या विभागातील कोणाच्या संशोधनाशी त्याचा संबंध आहे, एवढे पुरे. जैवसंख्याशास्त्राचा विभाग पुष्कळ ठिकाणी वेगळा असतो, उदाहरणार्थ वॉशिंग्टन विद्यापीठात, आणि वैद्यकीय माहितीवर काम केलेल्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा. हा पर्याय आपल्याकडे उगाचच दुर्लक्षिला जातो.

प्रवेशाचे पत्र आल्यावर घाईने होकार कळवू नये. आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रस्तावावर निर्णय देण्यासाठी अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि उन्हाळ्याच्या महिन्यांचे पैसे त्यात धरले आहेत का, हे तोपर्यंत लेखी विचारून घ्यावे.