दुवा पाठवण्याआधी या चुका टाळा

बातमी, राजकारण, ऑनलाइन खासगीपणा किंवा एखादी अजब माहिती यांविषयीचा दुवा (लिंक) आपण कुणाला पाठवतो, तेव्हा ‘हे मी वाचले आहे आणि तुम्हीही वाचावे’ अशी न बोललेली हमी त्याबरोबर जात असते. दुव्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका ही हमी पोकळ असल्यामुळे होतात. त्यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे मजकूर स्वतः न उघडताच पुढे पाठवणे. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील इन्रिया या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरील बातम्यांच्या दुव्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ५९ टक्के दुवे एकदाही उघडले गेले नसल्याचे त्यांना आढळले. फेसबुकवरील साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्टांचे जे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही सुमारे ७५ टक्के वेळा दुवा न उघडताच पुढे पाठवला गेल्याचे दिसले. आणि टोकाच्या राजकीय मजकुराच्या बाबतीत ही सवय अधिक ठळक होती. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीने १ एप्रिल २०१४ रोजी याच सवयीची मजेदार परीक्षा घेतली होती. ‘अमेरिका आता वाचत का नाही’ अशा अर्थाचा मथळा देऊन तिने एक दुवा फेसबुकवर टाकला आणि आत लेखाऐवजी, ज्यांनी इथपर्यंत वाचले त्यांनी कृपया प्रतिक्रिया लिहू नये, अशी विनंती ठेवली. मथळ्यावर चिडून लिहिलेल्या प्रतिक्रियांचा त्याखाली पाऊस पडला.

यावर उपाय सोपा असला तरी थोडा जाचक आहे. दुव्याबरोबर स्वतःच्या शब्दांत एक असे वाक्य लिहावे, की जे मथळ्यावरून सुचू शकले नसते. ते लिहिता येत नसेल, तर आपण तो मजकूर अजून वाचलेला नाही, हे आपल्यालाच कळते. ट्विटरने २०२० मध्ये न उघडलेला लेख पुढे पाठवणाऱ्यांना ‘आधी वाचायचा आहे का’ असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा तो प्रश्न पाहिल्यावर लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने सांगितले होते. म्हणजे लोकांना वाचायचे नसते असे नाही. कुणीतरी मध्ये थांबवावे लागते.

दुसरी चूक तारखेची. जुनी बातमी खोटी नसते, आणि म्हणूनच ती सहज फसवते. अनेक वर्षांपूर्वीचा स्फोट, राजीनामा किंवा न्यायालयाचा निकाल आजचा म्हणून फिरू लागतो आणि मूळ संकेतस्थळ विश्वासार्ह असल्यामुळे कुणालाही शंका येत नाही. ‘द गार्डियन’ने २०१९ पासून आपल्या जुन्या लेखांच्या चित्रावर प्रकाशनाचे वर्ष छापायला सुरुवात केली, ती याच कारणाने, फेसबुकही २०२० पासून ९० दिवसांहून जुनी बातमी पुढे पाठवताना सूचना देऊ लागले. प्रत्येक ठिकाणी अशी सोय नसल्यामुळे मजकूर उघडल्यावर सर्वांत आधी तारीख पाहावी, आणि तीही ‘अद्ययावत’ म्हणून दिलेली नव्हे, तर मूळ प्रकाशनाची. एखादे अक्षर दुरुस्त केले तरी ‘अद्ययावत’ची तारीख बदलू शकते.

आता खुद्द संकेतस्थळाच्या पत्त्याकडे, म्हणजे यूआरएलकडे वळू. राजकीय मजकुराच्या बाबतीत ही तपासणी टाळण्याची किंमत मोठी असते. युरोपातील ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने २०२२ मध्ये ‘डॉपेलगँगर’ या नावाने ओळखली गेलेली एक रशियन प्रचारमोहीम उघडकीस आणली. तिने ‘डेर श्पीगेल’, ‘बिल्ड’, ‘द गार्डियन’ अशा वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या होत्या. बोधचिन्ह, रंग, मांडणी सर्व काही तेच होते. फरक एवढाच, की पत्त्याचा शेवट वेगळा होता. त्यामुळे पत्ता डावीकडून वाचायची आपली सवय इथे घातक ठरते. सुरुवातीच्या दुहेरी तिरक्या रेषेनंतर येणारी पहिली एकेरी तिरकी रेषा शोधावी आणि तिथून मागे, डावीकडे वाचावे. त्या रेषेला लागून असलेले शेवटचे दोन, काही देशांत तीन, तुकडे हाच संकेतस्थळाच्या मालकाचा खरा पत्ता असतो. त्याच्या डावीकडे टिंबांनी जोडून कोणतेही प्रतिष्ठित नाव लिहिता येते. दुव्यासोबत दिसणारे चित्र आणि मथळा यांनाही पुरावा मानू नये, कारण ते दोन्ही त्या पानानेच पुरवलेले असतात. दुवा आखूड करून देणाऱ्या सेवांचा पत्ता हाती आला, तर तो कुठे नेतो हे आधी पाहावे. बिटली या अशाच एका सेवेच्या दुव्याच्या शेवटी अधिकचे चिन्ह (+) जोडले, की मूळ ठिकाण समजते. पुढे पाठवताना मात्र नेहमी तो मूळ, पूर्ण पत्ताच द्यावा.

खासगीपणावरचा लेख पाठवताना त्याच दुव्यातून खासगी माहिती पाठवणारे लोक थोडे नाहीत. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारी लांबलचक शेपटी पुष्कळदा पाळतीसाठी जोडलेली असते. ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणारे तुकडे वाचक कुठून आला हे सांगतात. ‘एफबीसीएलआयडी’ (fbclid) ही खूण फेसबुक २०१८ पासून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना जोडते. यूट्यूब आणि स्पॉटिफाय यांच्या ‘शेअर’ बटणातून मिळणाऱ्या दुव्यात ‘एसआय’ (si) हा तुकडा असतो, आणि अशा खुणांच्या आधारे कुणी पाठवलेला दुवा कुणी उघडला, याची जुळवणी करणे कंपनीला शक्य होते. दोन व्यक्तींची ओळख आहे हे त्यांनी कुठेही सांगितलेले नसले, तरी एका निरुपद्रवी व्हिडिओमुळे ते तिसऱ्याच्या नोंदीत जाऊ शकते.

म्हणून प्रश्नचिन्हापासून पुढचे सारे कापून टाकावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण तो अर्धवट आहे. यूट्यूबच्या लांब पत्त्यात ‘व्ही’नंतरची अक्षरे हीच व्हिडिओची ओळख असते आणि ‘टी’नंतरचा आकडा व्हिडिओ कोणत्या क्षणापासून सुरू व्हावा हे सांगतो; काही जुन्या संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकही प्रश्नचिन्हानंतरच येतो. तेव्हा शेपटी कापल्यावर दुवा उघडून पाहिल्याशिवाय पाठवू नये. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून पाळतीच्या खुणा वगळून दुवा कॉपी करण्याची सोय आहे आणि ॲपलनेही त्याच वर्षी संदेश, मेल व खासगी ब्राउझिंगमध्ये अशा काही खुणा आपोआप काढायला सुरुवात केली. ही साधने सर्वच खुणा ओळखत नाहीत, त्यामुळे शेवटची नजर आपलीच असावी.

याहून गंभीर चूक म्हणजे केवळ आपल्यासाठी असलेला दुवा इतरांना देणे. वृत्तपत्रिकेच्या मेलमधून उचललेला दुवा, सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा, ‘दुवा असलेल्या कुणालाही बदल करता येईल’ अशी मुभा दिलेला दस्तऐवज, हे सारे या प्रकारात मोडतात. व्हॉट्सॲप गटांची निमंत्रणे सार्वजनिक ठिकाणी टाकली गेल्यामुळे २०२० मध्ये ती गूगलच्या शोधात सापडू लागली होती. चॅटजीपीटीशी झालेले संवाद शोधात दिसू देण्याचा पर्याय ज्यांनी निवडला होता, त्यांचे संवाद २०२५ मध्ये असेच गूगलवर उघडे पडले आणि कंपनीने ती सोय मागे घेतली. त्यामुळे कोणताही दुवा पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कुठेही लॉग-इन न करता उघडून पाहावा. जे दिसू नये ते तिथे दिसले, तर परवानगी बदलावी लागेल. जे दिसायला हवे ते दिसले नाही, तर समोरच्यालाही ते दिसणार नाही, आणि तो लेख शुल्क भरल्याशिवाय वाचता येत नाही हे त्याला आधीच सांगता येईल.

अजब माहितीच्या दुव्यांबाबत लोक सर्वांत कमी सावध असतात, कारण त्यात कुणाचे नुकसान होईल असे वाटत नाही. माणसाचे लक्ष आता आठ सेकंदच टिकते, म्हणजे गोल्डफिशपेक्षाही कमी, हा दावा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या एका अहवालामुळे जगभर पसरला. अहवालाने तो आकडा दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून घेतला होता आणि त्यामागचे संशोधन शोधू गेलेल्या पत्रकारांच्या हाती काहीच लागले नाही. दहा ठिकाणी छापलेले असणे म्हणजे दहा पुरावे नव्हेत. ती सारी ठिकाणे पुष्कळदा एकाच जागी बोट दाखवत असतात. म्हणून बातमीत ज्या अहवालाचा, विधेयकाचा किंवा निकालाचा उल्लेख असेल, तो शक्य तेव्हा स्वतः उघडावा आणि त्याचाच दुवा द्यावा. मथळ्याचा नुसता स्क्रीनशॉट पाठवणे तर टाळावेच, कारण त्यात ना तारीख तपासता येते, ना पत्ता.

राहता राहिला मेलेला दुवा. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले, की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. गूगलच्या स्वतःच्या आखूड दुव्यांची सेवाही २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी बंद झाली आणि वापरात नसलेले तिचे जुने दुवे २०२५ मध्ये निकामी झाले. जपून ठेवण्याजोग्या पानाची प्रत, दुवा पाठवतानाच, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सेवेत साठवून घ्यावी. जुना दुवा उघडत नसेल, तर त्याचा पत्ता, शेपटी काढून, तिथेच शोधावा. नाही सापडला, तर मथळा अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाकावा, कारण अनेक वृत्तपत्रे मजकूर काढत नाहीत, फक्त पत्ता बदलतात. साठवलेली प्रत देताना मूळ दुवाही सोबत द्यावा, कारण बातमीत नंतर झालेली दुरुस्ती मूळ पानावर असते, आधी साठवलेल्या प्रतीत नसते.