तीनरंगी मांजरीच्या अंगावर एक्स क्रोमोझोम कसा वाचायचा

लॅब लागत नाही, एक काळी-केशरी-पांढरी मांजर लागते, आणि ती उन्हात पसरलेली असेल तर उत्तम कारण तेव्हा हात लावू देते.

एक्स क्रोमोझोम म्हणजे पेशीतला डीएनएचा एक लांब धागा, त्यावर जीन्स, म्हणजे गुण ठरवणारे तुकडे, असतात. आधी पांढरा रंग सोडून द्या, त्याचा जीन एक्सवर नाहीच. नुसतं काळं आणि केशरी बघायचं. केशरी करणारा जीन एक्सवर असतो, तो नेमका कुठला हे 2025 मध्ये कळलं, एआरएचजीएपी36. मांजरीला एक्स दोन, बोक्याला एक एक्स आणि एक वाय. तीनरंगी मांजरीच्या एका एक्सवर केशरीवाला जीन, दुसऱ्यावर त्याचा केशरी न करणारा भाऊ, तिथे काळा दिसतो. आता मांजरीचे दोन्ही एक्स जोरात चालले तर त्या जीन्सचा माल बोक्याच्या दुप्पट होईल ना, म्हणून गर्भ अगदी चिमुकला असतानाच प्रत्येक पेशी एक एक्स बंद करून टाकते, कुठला ते नशिबावर. बंद होणाऱ्या एक्सवरच्या एक्सिस्ट जीनमधून आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, निघतो, तो त्याच एक्सला गुंडाळतो आणि एक्स आवळून गठ्ठा होतो. पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच एक्स बंद ठेवतात. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या रंगावरून हे ओळखलं, मला अजूनही ते वाचून भारी वाटतं.

आता कपाळावरचे केस बोटाने बाजूला करा. केशरी केस जिथे उगवलेत तिथे केशरीवाला एक्स चालू, आणि शेजारीच काळा केस असेल तर तिथे तोच एक्स झोपलेला. पांढरं कमी असेल तर दोन्ही रंग मिसळलेले दिसतात, पांढरं जास्त असेल तर मोठे मोठे डाग.

शेपटीखाली बघायला विसरू नका. तीनरंगी बोका फार क्वचित मिळतो, बहुतेक वेळा तो दोन एक्स आणि एक वायवाला असतो. आणि साधा केशरी बोका दिसला तर त्याचा केशरी आईकडून आला, बापाकडून नाही, कारण बापाने त्याला वाय दिलाय.

2001 मध्ये टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तीनरंगी मांजरीचा क्लोन, म्हणजे तिच्याच पेशीतल्या डीएनएपासून दुसरी मांजर, केला, नाव सीसी, तर तिच्या अंगावर केशरी नव्हताच! डीएनए तोच, पण केशरीवाला एक्स बंद तो बंदच राहिला.

फक्त हा हिशोब सगळ्या प्राण्यांना लावू नका. फळमाशीत उलटं, नर आपला एकुलता एक्स दुप्पट जोरात चालवतो. सी. एलेगन्स जंतात दोन एक्सवाला दोन्ही एक्स अर्ध्यावर आणतो. आणि कांगारूत नशिबाचा प्रश्नच नाही, बापाकडून आलेला एक्सच बंद होतो.