केरोच्या आसपास नोकरी मिळालेल्यांसाठी

इलिनॉयमध्ये नोकरी लागली म्हणजे शिकागो, असा घरच्यांचा समज झालेला असतो. तो आधी दूर करा. शिकागो इथून साडेतीनशे मैलांवर आहे. केंटकी आणि मिझुरी पूल ओलांडला की लागतात. राज्याचं हे शेवटचं टोक, ओहायो आणि मिसिसिपी जिथे मिळतात तिथलं गाव म्हणजे केरो. या भागात आपली माणसं येतात ती कार्बनडेलच्या विद्यापीठात शिकायला, नाहीतर जे-वन व्हिसाच्या वेव्हरवर (शिक्षण संपल्यावर मायदेशी परतायच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीवर) तीन वर्षं ग्रामीण भागात काढायची असतात म्हणून, डॉक्टर होऊन. मोटेलवाले गुजराती आपल्या कितीतरी आधी आले आहेत. त्यांच्याशी ओळख ठेवा, नाकं मुरडू नका.

लायसन्स, बँक, फोन हे सगळं होऊन जातं. गाडी मात्र पहिल्या आठवड्यात घ्या.

राहायचं आसपासच्या मोठ्या गावांत, केप जिराडो, पडुका किंवा कार्बनडेलला, आणि भाड्यानेच. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी न ऐकता घर विकत घेतं. नदीकाठच्या जुन्या गावांत विटांची दुमजली घरं पुण्यातल्या पार्किंगच्या किमतीत मिळतात. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी कर थकलेल्या मालमत्तेच्या लिलावात असंच एक उचललं. लाकडी जिना, उंच छत, मागे मॅग्नोलियाचं झाड. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले. मग कळलं की मालकीच्या कागदावर आणखी दोन वारसांचा हक्क आहे, छपराची तुळई कुजली आहे आणि दुरुस्तीला यायला कंत्राटदार तयार नाही. शेवटी घर पाडायचा खर्च घराच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. स्वस्त घर दिसलं की एकच विचारा: हे इतकी वर्षं कुणी का घेतलं नाही? टायटल तपासल्याशिवाय, पुराचा विमा किती पडतो ते विचारल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. तीन वर्षांसाठी आलेल्या माणसाला घर लागतंच कशाला?

आता केरोबद्दल. कमर्शियल अॅव्हेन्यूवरून जाताना ओळीने रिकामी दुकानं दिसतात, खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. 1920 साली गावात 15,203 माणसं होती; 2020 च्या जनगणनेत 1,733 उरली. नवा माणूस विचारतो, इथे झालं तरी काय? उत्तर बहुधा दवाखान्यातल्या एखाद्या वयस्क गोऱ्या पेशंटकडून मिळतं: काळ्यांनी 1969 मध्ये गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला आणि गाव बुडालं. आपली माणसं तेच पुढच्या बॅचला ऐकवतात, आणि मला राग येतो तो याचा.

गाव त्याआधीच उतरणीला लागलं होतं. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, तशी रेल्वेगाड्या फेरीबोटीने पलीकडे नेण्याची गरज संपली. ट्रक आल्यावर नदीवरचा धंदा आणखी आटला. 1978 मध्ये इंटरस्टेट 57 चा पूल झाला आणि वाहतूक गावाला वळसा घालून जाऊ लागली. पण हे निम्मंच झालं. 1909 मध्ये विल्यम जेम्स या काळ्या माणसाला हजारोंच्या जमावाने भर रस्त्यात मारलं. ताब्यातल्या जेम्सला वाचवू न शकलेल्या शेरिफला पद परत मिळू नये म्हणून आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्वतः येऊन गव्हर्नरपुढे लढल्या, आणि जिंकल्या. जुलै 1967 मध्ये रॉबर्ट हंट हा 19 वर्षांचा काळा सैनिक पोलिसांच्या कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पोलीस आत्महत्या म्हणाले, काळ्या वस्तीने ते मानलं नाही. नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, आलं, गोऱ्यांनी ‘व्हाइट हॅट्स’ नावाची सशस्त्र टोळी उभी केली, पिरॅमिड कोर्ट्स या काळ्यांच्या सरकारी घरांवर रात्री गोळीबार व्हायचा. मग 1969 चा बहिष्कार. मागणी साधी होती: आमच्याकडून पैसे घेता, तर आम्हाला कामावरही घ्या. कित्येक दुकानदारांनी दुकानाला टाळं लावलं, पण काळा माणूस गल्ल्यावर बसवला नाही.

पोहण्याच्या तलावाचंही तेच. 1962 मध्ये काळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून तिथे निदर्शनं झाली. सगळ्यांना प्रवेश देण्यापेक्षा तलाव बंद केला, पुढे काँक्रीटने बुजवला. महाडला 1927 साली चवदार तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ केलं गेलं, हे शाळेत शिकलेल्या माणसाला यात न समजण्यासारखं काय आहे? तरी आपले लोक गाडीच्या काचा वर करून गावातून जातात, संगमावर सेल्फी काढतात आणि ‘डेंजर एरिया’ म्हणून परत येतात. आपापसात ‘कल्लू’ म्हणायची सवय असेल तर ती भारतातच ठेवून या. पडक्या घरांचे फोटो काढू नका. शेजारच्या घरात कुणीतरी राहत असतं.

डॉक्टरांनी एक ध्यानात ठेवावं. केरोतलं हॉस्पिटल 1986 मध्ये बंद झालं. पेशंट उशिरा आला तर आळशी समजू नका, गाडी कुणाकडून मागून आणली ते विचारा. 2017 मध्ये एल्मवूड आणि मॅकब्राइड ही सरकारी घरं इतकी मोडकळीला आली होती की केंद्राने ती रिकामी करायला लावली. शेकडो माणसांना गाव सोडावं लागलं, त्यात पुष्कळ शाळकरी मुलं होती. गेलेल्यांतले काही अजून रविवारी चर्चला परत येतात. चर्चच्या जेवणाचं आमंत्रण आलं तर जा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, हिरव्या भाजीतही डुकराचं मांस असतं.

पुराची सूचना आली की थांबू नका. 2011 च्या मे महिन्यात केरो वाचवायला लष्कराच्या इंजिनियरांनी मिझुरीकडचा बर्ड्स पॉइंटचा बांध स्फोटाने फोडला, आणि पाण्याखाली गेलं ते पिनहुक, तेही काळ्यांचंच खेडं.

तूरडाळ, पोहे, गोडा मसाला सेंट लुईसला मिळतात. जाणाऱ्याला यादी आणि पैसे दोन्ही आधी द्या.