बंद पडलेली इलेक्ट्रिक कार टोचन न लावता गॅरेजपर्यंत कशी न्यावी

गाडी बंद पडली की दोरी शोधायची, ओळखीच्या गाडीमागे टोचन लावायचे आणि जवळचे गॅरेज गाठायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. हाताने गिअर टाकायच्या पेट्रोल-डिझेल गाडीला ती चालून गेली, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मात्र क्लच नसल्यामुळे न्यूट्रलमध्येही चाकाबरोबर मोटर फिरत राहते, आणि तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचुंबक असतील तर ती फिरताफिरता वीजही तयार करते. गाडी बंद असताना ती वीज आवरणारी आणि मोटर थंड ठेवणारी यंत्रणा काम करत नाही. मग मोटर तापते, बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या विजेचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर निकामी होऊ शकतो आणि प्रसंगी आगही लागू शकते. म्हणून चारही चाके रस्त्यापासून वर, म्हणजे फ्लॅटबेडवर (आख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट पाठीच्या ट्रकवर), हाच सुरक्षित मार्ग आहे आणि त्यासाठी दोन तास थांबावे लागले तरी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे टोक उचलून नेणारी नेहमीची क्रेन पाठवली जाते तेव्हा घोटाळा होतो. हुंदाई आयोनिक ५ किंवा महिंद्रा बीई ६ या गाड्यांची मोटर मागच्या चाकांना जोडलेली आहे. पुढचे टोक उचलले तर नेमकी मोटरची चाके रस्त्यावर फिरत राहतात. टाटा हॅरियर ईव्हीच्या चारही चाकांना चालना देणाऱ्या प्रकारात पुढे-मागे दोन्हीकडे मोटर आहे, त्यामुळे तिथे कोणतेही टोक उचलून उपयोग नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या काही गाड्यांच्या पुस्तिका पुढचे टोक उचलायला परवानगी देतात, पण ती परवानगी आपल्याच गाडीच्या पुस्तिकेत वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. मदतीला फोन करताना ‘गाडी इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेडच हवा’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गाडीचे मॉडेल, चाके फिरतात की अडकली आहेत आणि गाडी तळघरात आहे का, हेही सांगावे. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी बरीच जड असते, म्हणून फ्लॅटबेडची क्षमताही विचारून घ्यावी.

गाडी द्रुतगती मार्गावर किंवा घाटात थांबली असेल तर हे फोन गाडीत बसून करू नयेत. इंडिकेटर चालू करून सर्वांनी रस्त्याच्या कडेच्या कठड्यापलीकडे उभे राहावे आणि धोका वाटल्यास ११२ ला कळवावे.

गाडी खरोखर उचलून न्यायची गरज आहे का, हेही आधी पाहावे. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निपचित पडते, याचे एक नेहमीचे कारण म्हणजे १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. दारे, समोरचा स्क्रीन, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळे त्या छोट्या बॅटरीवर चालते. माझ्या बहिणीची गाडी पुण्यात सोसायटीच्या तळघरात अशीच अडकली होती. रिमोट दाबून काहीच होत नव्हते. शेवटी रिमोटच्या पोटातली छोटी किल्ली काढून दार उघडले. तळघराची उंची कमी असल्याने फ्लॅटबेड आत येणे शक्य नव्हते आणि मदतीला आलेला माणूस मागची चाके अडकलेली असतानाच गाडी ओढून बाहेर काढू म्हणत होता. आम्ही त्याला थांबवले, जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारे छोटे उपकरण) मागवला, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लाल चिमटा धन टोकाला आणि काळा चिमटा उघड्या धातूला लावला. काही क्षणांत कॉन्टॅक्टरचा ‘टक्’ असा आवाज आला, स्क्रीन उजळला आणि गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर आली. तसे झाले नसते तर चारही चाकांखाली छोट्या चाकांच्या ट्रॉल्या सरकवून ती बाहेर आणावी लागली असती. छोटी बॅटरी लिथियमची असेल तर पुस्तिकेत सांगितलेलाच उपाय करावा, आणि आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नये.

गाडी चढवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी चाकांना ठोकळे लावावेत, मग टो-हूक (गाडी ओढण्यासाठीची कडी) बसवून त्यात विंचची, म्हणजे फ्लॅटबेडवरच्या ओढयंत्राची, तार अडकवून ताणून घ्यावी आणि त्यानंतरच गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ठोकळे काढावेत. वीज नसताना ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होते. उतारावर तार लावण्याआधी न्यूट्रल केले तर गाडी कोणाला थोपवता येत नाही. काही गाड्या चालकाचे दार उघडताच आपोआप पार्कमध्ये जातात, म्हणून गाडी न्यूट्रलमध्येच ठेवणारा ट्रान्सपोर्ट मोड पुस्तिकेत शोधून ठेवावा. विंच अगदी सावकाश फिरवावी. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असल्याने फ्लॅटबेडच्या कडेला पोट घासेल असे वाटले तर चाकांखाली फळ्या टाकून चढ कमी करावा. गाडी वर आली की पुन्हा पार्क करावी आणि पट्टे चारही टायरांवरून आवळावेत. सस्पेन्शनला किंवा बॅटरीच्या पत्र्याला हूक अडकवू नये. नारिंगी रंगाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांना कुणीही हात लावू नये.

अपघातात पोटाला मार बसलेली किंवा पाण्यात बुडालेली गाडी वेगळ्या काळजीने हाताळावी लागते. ती सुरू करून पाहू नये, चार्जिंगला लावू नये. खालून फुसफुस असा आवाज, धूर किंवा विचित्र गोडसर वास आला तर सर्वांनी दूर जाऊन १०१ ला फोन करावा आणि बॅटरीची गाडी आहे हे सांगावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळात फ्लोरिडातल्या कित्येक इलेक्ट्रिक गाड्या समुद्राच्या पाण्यात बुडाल्या आणि त्यांतल्या काही पुढच्या दिवसांत पेटल्या, कारण खारे पाणी विजेला वाट करून देते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी रस्त्यावर येणाऱ्या मुंबई-कोकणातल्या वस्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशी गाडी फ्लॅटबेडवरून उतरवताना ती छपराखाली किंवा इतर गाड्यांना खेटून ठेवू नये; सगळ्या बाजूंनी सुमारे १५ मीटर मोकळी जागा सोडावी, आणि ताब्यात घेणाऱ्या मेकॅनिकला बॅटरीला मार बसल्याचे किंवा पाणी लागल्याचे तोंडी सांगून जॉबकार्डावरही लिहून घ्यावे.